जुना पाना कसा ओळखावा? नगर जिल्ह्यातील हत्यारे, गोट्या आणि त्यांवरचे आकडे

एखाद्या जुन्या पान्यावर १/४ हा आकडा असतो आणि शेजारी इंग्रजी 'डब्ल्यू' अक्षर. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. पण त्याच पान्याचे तोंड व्हर्नियरने मोजले तर ते १३.३ मिलिमीटर भरते, म्हणजे सांगितल्याच्या दुपटीहून जास्त. भंगारवाल्याकडे असा पाना हाती आला की बहुतेकांना वाटते, आकडा चुकीचा पडला असावा किंवा कुणीतरी तोंड घासून मोठे केले असावे. प्रत्यक्षात आकडा बरोबर असतो. तो तोंडाचा नसतो, एवढेच.

जुनी हत्यारे ओळखण्याची सुरुवात इथूनच होते. पान्यावरचा आकडा कोणत्या पद्धतीचा आहे हे कळले, की तो पाना कोणत्या देशाच्या आणि साधारण कोणत्या काळाच्या यंत्रासाठी बनला होता हे कळते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात लष्कर, रेल्वे, साखर कारखाने, विहिरींवरची इंजिने आणि मोपेडचा कारखाना या सगळ्यांची हत्यारे एकाच भंगाराच्या ढिगात येऊन पडतात. तिथे ही ओळख विशेष उपयोगी पडते. ढिगातला माल किलोवर विकला जातो आणि वितळवायला जातो. त्यातले काय बाजूला काढायचे, हे ठरवायला वेळ थोडा असतो.

आकडा नेमका कशाचा?

इंग्लंडमधील अभियंता जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली बोल्टच्या आट्यांचे एक प्रमाण सुचवले. आट्यांचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टला ठरावीक आटे, असे ते प्रमाण होते. त्याआधी प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडत असे आणि एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. व्हिटवर्थ पद्धतीत पान्यावर बोल्टची जाडी लिहितात. पाव इंची बोल्टवर जो नट बसतो तो ज्या पान्याने फिरतो, तो १/४ डब्ल्यू. नटाची रुंदी अर्थातच बोल्टच्या जाडीहून मोठी असते, म्हणून पान्याचे तोंडही मोठे.

पुढे १९०८ साली ब्रिटिशांनी बारीक आट्यांचे दुसरे प्रमाण आणले. त्याच्या पान्यांवर 'बीएस' किंवा 'बीएसएफ' अशी अक्षरे असतात. या प्रमाणात त्याच जाडीच्या बोल्टला एक माप लहान नट वापरला जातो. त्यामुळे अनेक ब्रिटिश पान्यांच्या एकाच टोकावर '५/१६ डब्ल्यू' आणि '३/८ बीएस' अशी दोन मापे शेजारी शेजारी दिसतात. तोंड एकच, १५.२ मिलिमीटरचे. दोन मापे दिसली म्हणून पाना बनावट समजू नये.

अमेरिकन पद्धत सरळ आहे. पान्याच्या तोंडाची रुंदी किती, तेवढाच आकडा. ब्रिटिश कारखाने अशा पान्यांवर 'एएफ' लिहीत. त्याचा अर्थ नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर. १/२ एएफ म्हणजे खरोखरच अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. मेट्रिक पान्यांवरही तोंडाचेच माप असते. म्हणजे १/२ एवढाच आकडा असलेले दोन पाने समोर आले, एक १२.७ मिलिमीटरचा आणि एक २३.४ मिलिमीटरचा, तर पहिला अमेरिकन पद्धतीचा आणि दुसरा व्हिटवर्थ.

नगरकडच्या लोहारकामात आणि बांधकामात अजून सूत हे माप चालते. आठ सूत म्हणजे एक इंच. जुना मिस्त्री चार सुती बोल्ट म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बोल्टची जाडी असते, नटाची रुंदी नव्हे. व्हिटवर्थची पद्धत आणि सुताची बोली ही अशी एकमेकींना धरून आहेत. तरुण मेकॅनिक मात्र 'बारा-तेरा', 'चौदा-पंधरा' या मेट्रिक जोड्यांत विचार करतो, आणि घोटाळा नेमका तिथे होतो.

हा घोटाळा महागात पडतो. १/४ डब्ल्यूच्या नटाला १३चा पाना आत जात नाही, म्हणून १४चा लावतात आणि तो सैल बसतो. ५/१६ डब्ल्यूला १५चा जात नाही, १६चा घसरतो. ७/१६ डब्ल्यूचा नट २०.८ मिलिमीटरचा, पण नेहमीच्या संचात २० आणि २२ ही जोडी असते. २२ लावून जोर दिला की नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो, मग छिन्नी आणि हातोडा. सुदैवाने ३/८ डब्ल्यू बरोबर १८ मिलिमीटरचा आहे, तिथे १८चा पाना चपखल बसतो. शेतातल्या जुन्या ब्रिटिश बनावटीच्या किंवा त्या धर्तीच्या डिझेल इंजिनवर नट गोल झालेले दिसतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते. नीट मापाचे पाचसहा व्हिटवर्थ पाने ज्याच्याकडे आहेत, तो असे इंजिन न फोडता उघडू शकतो. संग्रह करणाऱ्यांपैकी बरेच जण आधी याच गरजेने पाने शोधू लागलेले असतात.

नगरमध्ये ही हत्यारे आली कुठून?

सर्वांत ठळक रस्ता लष्कराचा. नगर हे ब्रिटिश काळापासून चिलखती दलाचे ठिकाण आहे. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली इथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभे राहिले. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्थाही इथेच आहे. १९९४मध्ये सुरू झालेल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये ब्रिटिश व्हॅलेंटाइन आणि सेंच्युरियन, अमेरिकन शर्मन, १९६५च्या युद्धात हाती आलेला पॅटन, भारतात बनलेला विजयंता आणि जपानी रणगाडाही पाहायला मिळतो. पान्यांची आवड असलेल्या माणसाने तिथे तोफांऐवजी बोल्टांकडे पाहत फिरावे. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश रणगाड्याला व्हिटवर्थ आणि बीएसएफ, शर्मनला अमेरिकन इंची, जपानी यंत्राला मेट्रिक. एका आवारात तीन वेगळ्या पेट्यांची गरज पडेल.

महायुद्ध संपल्यावर लष्कराचा शिल्लक माल देशभर मोठ्या प्रमाणावर विकला गेला. अमेरिकन जीप आणि ब्रिटिश ट्रक खासगी हातांत आले आणि त्यांच्याबरोबर हत्यारांच्या पिशव्याही आल्या. जीपसाठी एएफ मापाचे पाने लागत, त्याच काळातल्या ब्रिटिश ट्रकसाठी व्हिटवर्थ. एकाच गॅरेजच्या फळीवर दोन्ही दिसतात ते यामुळे.

दुसरा रस्ता रेल्वेचा. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. तो नगर, बेलापूर, कोपरगाव असा जिल्ह्याच्या आरपार जातो आणि त्यावरच्या गाड्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चालवत असे. या कंपनीची इंग्रजी आद्याक्षरे 'जीआयपीआर' अशी ठोकलेली असतील तर ती खूण ५ नोव्हेंबर १९५१च्या आधीची समजावी, कारण त्या दिवशी मध्य रेल्वे अस्तित्वात आली आणि नंतरच्या मालावर 'सीआर' येऊ लागले. रेल्वेचे पाने मोठे, जाड आणि बहुतेक वेळा लांब दांड्याचे असतात. रूळ आणि डबे यांच्या नटांना नाजूकपणा चालत नाही.

तिसरा रस्ता साखरेचा. हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना, १९३३ साली स्थापन झालेली टिळकनगरची महाराष्ट्र शुगर मिल्स आणि १९५०-५१च्या हंगामात सुरू झालेला प्रवरानगरचा सहकारी कारखाना, यांच्यापासून जिल्ह्यात यांत्रिकी कामाची एक मोठी परंपरा तयार झाली. कारखान्यांच्या कार्यशाळांत लागणारे दीड-दोन इंची पाने, ठोकायचे पाने, पाइप पाने आणि बेंच व्हाइस लिलावातून बाहेर येतात. ठोकायच्या पान्याला लांब दांडा नसतो. आखूड, जाड बुडख्यावर घण मारून तो फिरवतात. असा पाना कुणीतरी कापून लहान केला आहे असे समजून लोक तो टाकून देतात, ती चूक करू नये.

चौथा रस्ता कमी ठाऊक आहे. अमेरिकन मराठी मिशन १८३१पासून नगरात होते आणि त्यांच्या औद्योगिक शाळेत सुतारकाम व धातुकाम शिकवले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी डी. सी. चर्चिल या मिशनमधल्या अभियंत्याने नगरमध्येच हातमागात सुधारणा करून वेगाने चालणारा माग तयार केला होता. नगरात एखादा अमेरिकन रंधा किंवा करवत निघाली तर तिचा उगम लष्करातच शोधावा असे नाही.

आणि शेवटी लूना. कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली नगरच्या कारखान्यातून ही मोपेड बाजारात आणली. तिच्या सोबतच्या छोट्या पिशवीत प्लगपाना आणि दोनचार हलके पाने असत. पत्र्यातून वाकवलेला प्लगपाना आज कुणी हत्यार म्हणून जपत नाही. पण वाहनासोबत आलेली मूळ पिशवी पूर्ण सापडणे ही जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांच्या दृष्टीने मोठीच गोष्ट असते.

गोटी पाना

गॅरेजच्या बोलीत सॉकेटला गोटी म्हणतात आणि संचाला गोटी सेट. गोटीच्या एका तोंडात नट बसतो आणि दुसऱ्या बाजूच्या चौकोनी भोकात दांडा. हा चौकोनच ओळखीची पहिली खूण आहे. आज जगभर पाव, तीन अष्टमांश, अर्धा, पाऊण आणि एक इंच असे चौकोन चालतात. गंमत म्हणजे पूर्ण मेट्रिक जर्मन किंवा जपानी गोट्यांचा चौकोनही इंचीच असतो. प्रमाणांच्या कागदावर त्याला ६.३, १०, १२.५ अशी नावे दिली आहेत, पण आतला चौकोन इंचातलाच राहिला. म्हणून जुना अमेरिकन दांडा आणि नवी नाशिकची गोटी एकमेकांत बसतात.

बसत नसेल तर लक्ष द्यावे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी चौकोनाची मापे अजून पक्की झालेली नव्हती. ९/३२ इंच, ७/१६ इंच असे आज चालत नसलेले चौकोन त्या काळच्या अमेरिकन संचांत आढळतात. पाव इंची दांडा थोडा सैल बसतो म्हणून बाजूला फेकलेली गोटी त्यांपैकी असू शकते.

गोटी आणि दांडा सुटे करण्याची कल्पना रूढ करण्यात अमेरिकेतील जोसेफ जॉन्सनचे नाव घेतले जाते. १९२० साली मिलवॉकी शहरात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने स्नॅप-ऑन कंपनी काढली. पाच दांडे आणि दहा गोट्या यांच्या जोड्या लावून पन्नास पान्यांचे काम होते, अशी त्यांची मांडणी होती. त्याआधी बहुतेक दांडा आणि गोटी अखंड असत. आजही टी आकाराचा अखंड पाना गॅरेजमध्ये दिसतो, तो त्याच कुळातला. त्याच सुमारास, १९१९मध्ये, जर्मनीतील रेमशाइड गावी डोविडाट बंधूंनी गेडोरे ही कंपनी सुरू केली. जर्मन भाषेतील 'बंधू', 'डोविडाट' आणि 'रेमशाइड' या तीन शब्दांची पहिली अक्षरे जोडून ते नाव झाले आहे.

गोटीच्या आत किती कोपरे आहेत तेही मोजावे. सहा कोपऱ्यांची गोटी नटाच्या सपाट बाजू घट्ट धरते आणि झिजलेल्या नटावर तीच चालते. बारा कोपऱ्यांची गोटी अडचणीच्या जागी पटकन बसते. आठ कोपऱ्यांची गोटी सापडली तर ती चौकोनी नटासाठी आहे. चौकोनी नट आज क्वचित दिसतात, पण जुनी शेतीची अवजारे आणि गाड्यांवर ते सर्रास असत.

पेटीत एक संच म्हणून विकला जाणारा माल बहुधा दोनतीन संचांची भेळ असतो. सर्वाधिक वापराच्या गोट्याच आधी हरवतात आणि त्यांच्या जागी दुसऱ्या येतात. अक्षरांचे वळण, गोटीच्या बाहेरचा खरखरीत पट्टा आणि मुलाम्याचा रंग हे तिन्ही शेजारी ठेवून पाहिले की उपरी गोटी लगेच उठून दिसते. रॅचेट दोन्ही बाजूंना फिरवून, हाताने थोडा ताण देऊन पाहावे. आतले दात झिजलेले असतील तर ते जोर आल्यावरच घसरते आणि वापरणाऱ्याची बोटे इंजिनवर आपटतात. केसासारखी चीर गेलेली गोटी रॉकेलमध्ये बुडवून पुसावी आणि थोडा वेळ थांबावे. चिरेतून रॉकेल झिरपून रेघ दिसू लागते.

नाव, बाण, देश आणि पत्ता

उत्पादकाचे नाव सर्वांना आधी दिसते, पण काळ ठरवायला ते सर्वांत कमी कामाचे. तेच नाव शंभर वर्षे चालते आणि देशही बदलते. गेडोरेचे नाव असलेले पाने भारतातही बनत आणि त्यांवर 'इंडिया' असे असे. त्यामुळे नाव वाचून थांबू नये, देश शोधावा. 'वेस्ट जर्मनी' असे असेल तर तो माल १९४९ ते १९९० या काळातला. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर युद्धानंतरची, १९५२पर्यंतची मोजकी वर्षे. स्टॅन्ली रंध्यावर 'मेड इन इंग्लंड' असेल तर तो १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरचा, कारण त्याआधी कंपनीचा शेफिल्डला कारखाना नव्हता. सोव्हिएत हत्यारांवर कधी कधी चक्क किंमत ठोकलेली असते. किंमत सरकार ठरवी आणि ती वर्षानुवर्षे बदलत नसे, म्हणून ती पोलादावर कोरणे परवडे.

बाणाचे टोक, म्हणजे तीन रेघा एका बिंदूला मिळालेली खूण, हे ब्रिटिश सरकारी मालकीचे चिन्ह. त्याला जोडून इंग्रजी 'आय' अक्षर असेल तर तो माल भारतीय लष्करी खात्याचा. अशा पान्यावर बहुतेकदा सालही असते, १९४२, १९४३ असे. युद्धकाळात निकेल आणि क्रोमियमची टंचाई होती, म्हणून त्या वर्षांचे पाने काळे किंवा मुलामा नसलेले असतात. चकचकीत क्रोमचा पाना आणि त्यावर १९४३ची खूण, असे दिसले तर नंतर कुणीतरी मुलामा चढवला आहे.

भारतीय मालाबाबत सर्वांत चांगला साक्षीदार म्हणजे खोका. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२पासून आला, तेव्हा पत्त्यात पिनकोड असलेला खोका त्यानंतरचा. पत्त्यात 'बॉम्बे' असेल तर बहुधा १९९५पूर्वीचा. नाशिकच्या तापडिया टूल्सने स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६९ साली उत्पादन सुरू केले, तेव्हा त्यांच्या नावाची पक्कड आजोबांनी स्वातंत्र्यापूर्वी आणली होती ही घरोघरची कथा तपासून घ्यावी लागते. मेट्रिक मापांचा कायदा १९५६चा आणि त्याची अंमलबजावणी १९५८पासून टप्प्याटप्प्याने झाली. म्हणून केवळ इंची मापांचा भारतीय संच जुना असण्याची शक्यता जास्त, पण इंची पाने नंतरही बनत राहिले. हा पुरावा एकट्याने पुरेसा नाही.

बनावट खुणाही भेटतात. पाना घडवतानाच साच्यातून उमटलेली उठावाची अक्षरे नंतर घालता येत नाहीत, म्हणून ती विश्वासाची. खोल ठोकलेली अक्षरे मात्र कधीही ठोकता येतात. अक्षरांच्या खाचेत गंज किंवा मुलामा नाही आणि बाजूच्या पृष्ठभागावर मात्र आहे, असे असेल तर खूण नंतरची. मालकाची आद्याक्षरे, खात्याचा क्रमांक, फळीवरची जागा सांगणारा आकडा अशा खुणा वेगळ्या. त्या बनावट नसतात. संग्राहक त्यांना डाग समजत असत, पण हत्यार कुठून आले हे सांगणारा तेवढाच कागद अनेकदा उरलेला असतो.

ज्यांवर नावच नाही

बाजारातल्या याद्यांत न येणारी, तरी जिल्ह्याची म्हणून खास अशी हत्यारे वेगळी आहेत. ती लोहारांनी आणि गावोगाव फिरणाऱ्या घिसाडी कारागिरांनी घडवलेली. ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून केलेली पटाशी, झिजलेल्या कानशीची सुरी, पहारीच्या तुकड्याची छिन्नी, एकाच इंजिनच्या एकाच अवघड नटासाठी वाकवून घेतलेला पाना. यांवर ना नाव ना साल. कानशीची सुरी ओळखणे सोपे, कारण पात्याच्या बुडाशी जुन्या दातांच्या आडव्या रेघा पुसटशा राहतात. कमानीच्या पाट्याची जाडी सर्वत्र सारखी असते आणि कधी कधी मधल्या बोल्टचे भोकही राहिलेले असते. अशा वस्तूंना भाव येत नाही, म्हणून त्या सर्वांत आधी वितळतात. ज्याच्याकडून घेतली त्याने ती कशासाठी वापरली, हे एका चिठ्ठीवर लिहून हत्याराला बांधले तरी पुष्कळ झाले.

ही हत्यारे पाहायला मिळण्याचा चांगला दिवस खंडेनवमीचा. वर्षभर पेटीच्या तळाशी पडलेले आजोबांच्या हातचे पाने त्या दिवशी धुऊन, हळदकुंकू लावून मांडलेले असतात आणि गॅरेजचा मालकही बोलायला मोकळा असतो.

गंज काढताना

सर्वाधिक नुकसान भंगारवाला करत नाही, बफिंगचे चाक करते. चकाकी येते आणि बाण, साल, माप सगळे पुसले जाते. दोन मिनिटांत ऐंशी वर्षांची ओळख जाते आणि हाती उरतो एक चकचकीत, निनावी लोखंडाचा तुकडा. आधी खुणांचे फोटो तिरक्या उजेडात काढून ठेवावेत, मगच हात लावावा.

बहुतेक हत्यारांना रॉकेल, पितळी तारेचा ब्रश आणि दोन दिवसांचा धीर एवढे पुरते. गंज खोल असेल तर पांढरा व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाचे पाणी चालते. पण दर काही तासांनी पाहावे, नाही तर आम्ल चांगले पोलादही खाते. नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवून लगेच तेल लावावे. परदेशातले हौशी लोक साखर कारखान्याची मळी पाण्यात कालवून त्यात हत्यारे काही आठवडे बुडवून ठेवतात आणि ती पद्धत सौम्य आहे. साखरेच्या जिल्ह्यात ती फुकट जमेल असे वाटेल, पण महाराष्ट्रात मळीचा साठा आणि वाहतूक राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या नियमांखाली येते. व्हिनेगर बरे.

धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून विजेने गंज काढता येतो. हत्यार ऋण टोकाला आणि दुसरीकडे साधी लोखंडी सळई. तिथे स्टेनलेस स्टील लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. काम उघड्यावर करावे, कारण हायड्रोजन वायू निघतो. क्रोम चढवलेल्या हत्यारांना ही पद्धत वापरू नये.

युद्धकाळातील आणि नंतरच्या काही पान्यांवर कॅडमियमचा मंद, पिवळसर झाक असलेला रुपेरी मुलामा असतो. तो घासू नये, तापवू नये. त्याची धूळ आणि धूर विषारी आहे. आणि कोणतेही हत्यार भट्टीत लाल करून सरळ करू नये. पोलादाला दिलेले पाणी उतरते, मग दिसायला तोच असलेला पाना पहिल्याच जोराला तोंड पसरतो. छिन्नीचे डोके मारून मारून छत्रीसारखे पसरलेले असेल तर ती पाहायला ठेवावी, वापरू नये. त्या कडांचे तुकडे उडून डोळ्यात जातात.

घेताना पावती

रेल्वेची खूण असलेल्या वस्तूबाबत एक गोष्ट आधी माहीत असावी. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) कायदा १९६६चा आहे. चोरीची किंवा गैरमार्गाने मिळवलेली असल्याचा रास्त संशय येईल अशी रेल्वेची वस्तू कुणाकडे सापडली, तर ती कायदेशीररीत्या आली हे ताबा असलेल्यानेच सिद्ध करायचे असते. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'जीआयपीआर'चा सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा पाना आणि कालपरवा यार्डातून गेलेला पाना यांत फरक आहे, पण तो फरक दाखवायला कागद लागतो. लिलावाची पावती किंवा निदान दुकानदाराचे बिल, त्यावर खुणेचा उल्लेख आणि तारीख, एवढे घ्यावे. लष्करी खूण असलेल्या आणि ताज्या दिसणाऱ्या मालालाही हाच नियम लावावा. पावती देत नाही असे विक्रेता म्हणाला, तर तो पाना तिथेच ठेवावा.

परदेशी ग्राहकाला विकण्याआधी पुरावस्तू व कलासंपदा कायदा, १९७२ पाहावा. विज्ञान, कला किंवा हस्तकला यांची साक्ष देणारी शंभर वर्षांहून जुनी वस्तू या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि अशा वस्तूची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. १९२०च्या दशकातील पाने आता एकेक करून त्या रेषेपलीकडे जात आहेत.

नगरबाहेर शोधायचे तर पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार ही नेहमीची ठिकाणे आहेत. तिथे जाताना खिशात व्हर्नियर, आटे मोजायचा गेज आणि एक छोटे भिंग असावे. गेजची ५५ अंशांची पाती बोल्टच्या आट्यांत बसली तर व्हिटवर्थ कुळ, ६० अंशांची बसली तर अमेरिकन किंवा मेट्रिक. इंजिनचा एखादा मूळ बोल्ट सोबत नेला तर आणखी बरे, म्हणजे पाना घेण्याआधी तिथेच त्याच्या नटावर बसवून पाहता येतो.